अद्भुतकथात्मक पत्तेसंच
कथा आणि खेळाचे नियम यांची सांगड घालून रचलेले, संग्रहाचे व देवघेवीचे पत्ते. अमेरिकन गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड यांच्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळाने १९९३ मध्ये हा प्रकार रूढ केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याचा ‘अरेबियन नाइट्स’ हा पहिला पूरक संच निघाला. त्यात ७८ निरनिराळे पत्ते होते. राजाला गोष्टी सांगून स्वतःचे प्राण वाचविणारी शहरजाद कथेत कथा गुंफते; म्हणून तिच्या नावाचा पत्ता पडताच मूळ डाव थांबवून उरलेल्या पत्त्यांनी उपडाव खेळावा लागतो. येथे कथा चित्रापुरती न राहता नियमात उतरली आहे. मात्र सामने फार लांबत असल्याने अधिकृत स्पर्धांत या पत्त्यावर बंदी आली. कथेशी सुसंगती आणि खेळाची गती या दोहोंचा मेळ घालणे, ही अशा संचांच्या रचनेतील मुख्य अडचण होय.