पाइप नवा येईल, आत उतरणारा माणूस तोच राहणार का?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या वस्तीसमोरचा रस्ता खोदला. खालची मलवाहिनी जुनी झाली होती, ती बदलायची होती. काम दोन महिन्यांत उरकेल असे सांगितले गेले. पावसाळा आला आणि गेला, खड्डा तिथेच राहिला. सार्वजनिक संडासाची वाट अडली. बायका पहाटे अंधारात फळीवरून तोल सांभाळत जात होत्या. नळाला गढूळ पाणी आले, लहान मुलांना जुलाब झाले, विहारातला अभ्यासवर्ग धुळीमुळे बंद ठेवावा लागला. पलीकडच्या टॉवरच्या फाटकासमोर मात्र आठ दिवसांत लोखंडी प्लेटा टाकून गाड्यांची सोय झाली.

रविवारी वंदनेनंतर विहारात बैठक बसली. पोरे संतापली होती. कामच बंद पाडू, असा सूर होता. आमच्या वस्तीतले एक काका आहेत, मलवाहिन्यांच्या खात्यात तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "ताई, काम बंद पाडू नका. तुंबलेली लाइन म्हणजे काय ते मला माहीत आहे. पण त्या खड्ड्यात कोण उतरतंय, ते एकदा वाकून बघा."

आम्ही वाकून बघितले. कंत्राटदाराची चार पोरे खाली होती. चौघांत एक हेल्मेट, पायात चपला. कुठून आलात, नाव काय, विचारले. आडनावे ऐकल्यावर पुढचा प्रश्न विचारायची गरज उरली नाही.

मित्रांनो, "गटाराच्या कामात जात कशाला आणता?" हा प्रश्न आपल्याला नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर मुंबईच्या गटारांच्या इतिहासात आहे. तो इतिहास अभियंत्यांच्या नावाने लिहिला गेला. आपण तो आत उतरणाऱ्या माणसाच्या बाजूने वाचला पाहिजे.

पाइपाच्या आधी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईत मैला वाहून नेणारा पाइप नव्हता. ते काम माणसाचे डोके करत होते. घरामागच्या अरुंद बोळातून हलालखोर यायचा, संडासाखालची टोपली काढायचा आणि मैला वाहून न्यायचा. या बोळाला मुंबईत 'हाऊस गल्ली' म्हणतात. जुन्या चाळींच्या मागे ती आजही दिसते. आपल्याला ती दोन इमारतींमधली घाणेरडी फट वाटते. वास्तविक ती अस्पृश्यतेची वास्तुरचना आहे. घाण काढणारा घराच्या दर्शनी बाजूने दिसू नये, त्याची सावली जिन्यावर पडू नये, म्हणून त्याची वाट वेगळी बांधली गेली. 1888 च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात या गल्लीची रीतसर व्याख्या आहे. गावात महारवाडा वेशीबाहेर होता, तर शहरात जातीची वेस इमारतीच्या मागच्या भिंतीला चिकटली.

त्याच कायद्यात घाण काढण्याच्या सेवेसाठी जो कर होता, त्याचे नाव 'हलालखोर कर'. पुढे त्याचे नाव मलनिस्सारण कर झाले. पाणीपट्टीला कुणी भिस्ती कर म्हटले नाही. घाणीचा कर मात्र माणसांच्या एका समूहाच्या नावाने लावला गेला. म्हणजे कायद्याच्या लेखी सेवा आणि जात एकच होती. मैला वाहणाऱ्यांत गुजरात-काठियावाडातून आणलेल्या जाती होत्या. रस्ते झाडणाऱ्यांत आणि गाळ उचलणाऱ्यांत दख्खनेतले आपले पूर्वज होते.

पाणी आले, गटार मागे राहिले

1852 मध्ये हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने मुंबईच्या आरोग्यस्थितीवर अहवाल दिला. शहराचे सांडपाणी एका मोठ्या, बराचसा भाग उघड्या असलेल्या मुख्य गटारातून वरळीच्या बाजूला समुद्राकडे जात होते. वाटेत भायखळा, कामाठीपुरा हा सखल भाग. हॉर्नबी वेलार्डचा बांध घालून समुद्र अडवल्यावर मिळालेली ही जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली होती. त्यामुळे भरतीच्या वेळी गटाराचे पाणी पुढे सरकत नसे. ते तिथेच, गरिबांच्या वस्तीत साचून राही.

1860 मध्ये विहार तलावाचे पाणी शहरात आले. नळ आला म्हणजे सांडपाणीही वाढले. पण आलेले पाणी बाहेर कसे जाणार, याचे उत्तर कित्येक वर्षे लांबले. नंतरच्या दशकांत विटांच्या अंडाकृती मलवाहिन्या बांधल्या गेल्या आणि वरळीच्या लव्हग्रोव्ह येथे सांडपाणी उपसून समुद्रात सोडण्याची व्यवस्था झाली. अंडाकृती आकाराला कारण होते. प्रवाह कमी असला तरी अरुंद तळामुळे त्याला वेग मिळतो आणि गाळ कमी बसतो. अभियंत्यांनी गाळाचा विचार बारकाईने केला. तरीही जो गाळ बसेल तो कोण काढणार, याचे उत्तर त्यांना शोधावे लागले नाही. जातिव्यवस्थेने ते तयारच ठेवले होते.

लंडनमध्ये 1858 च्या दुर्गंधीनंतर जोसेफ बॅझलजेटने अशाच विटांच्या वाहिन्या बांधल्या. तिथेही गटारात उतरणारा गरीबच होता. पण त्याच्या मुलाने आणि नातवाने तेच करावे, असे सांगणारा धर्म त्याच्या मानेवर बसलेला नव्हता. आपल्याकडे तंत्र विलायतेतून आले आणि मनुष्यबळ मनुस्मृतीतून.

प्लेगने काय उघड केले

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात प्लेग सापडला. रोग गटारातल्या दूषित वाफेने पसरतो, असा समज असल्याने गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिकने धुण्याचा सपाटा लागला. खरे कारण उंदरांवरची पिसू होती. काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. त्या काळात महापालिका आयुक्त स्नो यांना सर्वांत मोठी धास्ती कसली होती? हलालखोर आणि सफाई कामगार शहर सोडून गेले तर, याची. रुग्णांना सक्तीने हलवण्याचे नियम सैल करताना ही भीतीही एक कारण होती. व्यापारी गेले तरी शहर तग धरेल, पण सफाई कामगार गेला तर ते राहण्याजोगे उरणार नाही, हे सत्ताधाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

ज्याच्यावाचून शहर चालत नाही, त्याला या व्यवस्थेने मान दिला नाही. उलट त्याला जखडले. 1911 च्या पंजाब म्युनिसिपल कायद्यात नोटीस न देता काम सोडणाऱ्या सफाई कामगाराला तुरुंगाची शिक्षा होती. 1938 मध्ये मुंबईच्या काँग्रेस सरकारने संपाला गुन्हा ठरवणारे औद्योगिक कलह विधेयक आणले. बाबासाहेबांनी विधिमंडळात त्याला कडाडून विरोध केला आणि स्वतंत्र मजूर पक्षाने 7 नोव्हेंबर 1938 चा संप घडवला. माणसाला त्याच्या मनाविरुद्ध काम करायला लावणे म्हणजे गुलामगिरी, ही त्यांची भूमिका होती. भंगीकामाला पवित्र सेवा म्हणून गौरवणाऱ्या गांधीवादावर त्यांनी केलेली टीका याच भूमिकेतून आली.

प्लेगनंतर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. नागपाड्यासारख्या दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते आणि नवी गटारे आखली गेली. पण पाडलेल्या घरांच्या तोडीची नवी घरे वेळेवर उभी राहिली नाहीत, आणि हुसकावलेली माणसे शेजारच्या चाळींत कोंबली गेली. शहराच्या आरोग्यासाठी गरिबाचे घर पाडायचे आणि तो कुठे गेला ते विचारायचे नाही, ही रीत तिथून पडली. ट्रस्टने पुढे ज्या चाळी बांधल्या, त्यांतल्या परळच्या चाळीत दोन खोल्यांमध्ये बाबासाहेब 1912 पासून दोन दशकांहून अधिक काळ राहिले. 'मूकनायक', बहिष्कृत हितकारिणी सभा आणि महाडचा संगर हे सारे घडले तेव्हा त्यांचे घर त्या चाळीत होते. सामाईक संडास आणि सामाईक नळ ही त्यांच्यासाठी पुस्तकातली गोष्ट नव्हती.

चवदार तळे आणि मलवाहिनी

महाडला 20 मार्च 1927 रोजी काय घडले, हे आपल्याला पाठ आहे. पण त्या सत्याग्रहामागे 1923 चा बोले ठराव होता. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्यासारखी ठिकाणे सर्वांना खुली असावीत, असे तो सांगत होता. म्हणजे प्रश्न पाण्याचा होता तसाच सार्वजनिक सोयीवरच्या समान हक्काचाही होता.

मलवाहिनी हीसुद्धा सार्वजनिक पैशातून बांधलेली सोय आहे. पाणी घरात येण्याचा हक्क आणि घाण पाणी घराबाहेर जाण्याचा हक्क, ही एकाच हक्काची दोन टोके आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार मुंबईची सुमारे 41 टक्के लोकसंख्या झोपडपट्टीत राहते. अनेक वस्त्यांतले सार्वजनिक संडास आजही मलवाहिनीला जोडलेले नाहीत, ते सेप्टिक टाकीवर चालतात. टाकी भरली की पुन्हा माणूस बोलावला जातो. त्यामुळे रस्त्याखाली नवा पाइप पडतो तेव्हा पहिला प्रश्न हा असला पाहिजे की आमच्या वस्तीचा संडास त्याला जोडणार आहात का? नसेल, तर खड्डा, धूळ आणि जुलाब आमच्या वाट्याला, आणि सोय पलीकडच्या टॉवरला.

'मशीनने होते' या थापेबद्दल

आता यंत्रे आली, जुना विचार सोडा, असे सांगितले जाते. काम कसे होते ते आपण समजून घेऊ. मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. ओल्या छतावर त्याचे गंधकाम्ल बनते आणि काँक्रीट, चुना पोखरला जातो. वाहिनी वरून खचते ती यामुळे. दुरुस्तीच्या वाटा तीन आहेत: रस्ता खोदून पाइप बदलणे, जुन्या पाइपात आतून नवे अस्तर बसवणे, किंवा जमिनीखालून यंत्राने नवा पाइप ढकलत नेणे. शेवटच्या दोन पद्धतींत रस्ता कमी खोदावा लागतो.

पण अस्तर बसवण्याआधी प्रवाह अडवावा लागतो, साचलेला गाळ काढावा लागतो, नंतर घरांच्या जोडण्या पुन्हा उघडाव्या लागतात. गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम बाहेर पडतो. तो वायू जास्त झाला की त्याचा वासही येईनासा होतो. काका म्हणतात, "वास येतोय तोवर माणूस वाचतो." ही सगळी कामे यंत्राने आणि कॅमेऱ्याने करता येतात. पण यंत्राचे भाडे पडते, आणि कंत्राटदाराच्या हिशेबात आपल्या पोराचा जीव त्याहून स्वस्त असतो.

कायदा काय म्हणतो? 1993 मध्ये पहिला कायदा आला, 2013 मध्ये दुसरा. दुसऱ्याच्या कलम 7 प्रमाणे गटार आणि सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावणे गुन्हा आहे. 2015 च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाकडून हाताने मैला साफ करून घेणे अॅट्रॉसिटी कायद्याखाली आले. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये गटारातील मृत्यूसाठी 10 लाख रुपये भरपाई ठरवली, ऑक्टोबर 2023 मध्ये ती 30 लाख केली. गोवंडीत 2019 मध्ये खासगी इमारतीच्या सेप्टिक टाकीत मेलेल्या तीन कामगारांच्या पत्नींना मात्र भरपाईसाठी मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. आदेश 2021 मध्ये मिळाला.

त्याच 2021 च्या जुलैमध्ये सरकारने राज्यसभेत सांगितले की हाताने मैला साफ करण्यामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही. गटारात मेलेल्यांची गणना 'धोकादायक सफाई' या वेगळ्या रकान्यात होते. रकाना बदलला की गुन्हा दिसेनासा होतो. आणि 2024 मध्ये सरकारच्याच 'नमस्ते' योजनेत नोंदलेल्या सुमारे 38 हजार गटार-सेप्टिक टाकी कामगारांपैकी जवळपास 92 टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्गीय निघाले. त्यांतले सुमारे 69 टक्के फक्त अनुसूचित जातींचे. गटारात जात आम्ही आणली, की ती तिथेच होती?

29 ऑगस्ट 2017 च्या पुरात मुंबईत एक नामांकित डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. ती घटना भयंकरच होती. त्यानंतर मॅनहोलला जाळ्या बसवण्याची चर्चा वर्षानुवर्षे गाजली, आणि ती गाजायलाच हवी होती. पण वरून पडणाऱ्यासाठी जाळी शोधणाऱ्या शहराने आत उतरवल्या जाणाऱ्यासाठी अशी तळमळ कधी दाखवली?

मग आपण काय करायचे?

काम बंद पाडणे हा आपला मार्ग नाही. जुनी मलवाहिनी फुटली तर मैला पहिल्यांदा आपल्याच वस्तीत शिरतो. आपण काम नीट करून घेतले पाहिजे. बैठकीत ठरल्याप्रमाणे आम्ही वॉर्ड ऑफिसला लेखी निवेदन दिले. आपापल्या भागात तुम्हीही द्या:

1. कंत्राटदाराचे नाव, कामाची रक्कम आणि मुदत यांचा मराठी फलक कामाच्या जागी लावा. तो नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा.
2. गाळ काढण्यासाठी कुणीही आत उतरणार नाही, हे लेखी घ्या. कोणते यंत्र येणार ते विचारा.
3. खोल चराच्या भिंतींना आधार, मजुरांना बूट, हेल्मेट, हजेरीपत्रक आणि विमा.
4. काम चालू असेपर्यंत बायकांसाठी जवळ तात्पुरते संडास आणि दिवाबत्ती.
5. पाण्याची लाइन शेजारी असेल तर नळाच्या पाण्याची नियमित तपासणी आणि गरजेला टँकर.
6. वस्तीचा सार्वजनिक संडास नव्या वाहिनीला जोडण्याची तारीख.

आमच्याकडे सहापैकी तीन गोष्टी झाल्या: दिवे लागले, तात्पुरते संडास आले, मजुरांना बूट मिळाले. संडासाच्या जोडणीचे उत्तर अजून आलेले नाही, पाठपुरावा चालू आहे. त्या चार पोरांपैकी एक आता संध्याकाळी विहारात येऊन बसतो. दहावी राहिली आहे, म्हणतो. त्याचा 17 नंबरचा फॉर्म भरायचे काम आम्ही हातात घेतले आहे.

बाबासाहेबांनी आपल्या लोकांना घाणीची कामे सोडा म्हणून सांगितले. ते सोडता यावे यासाठी कायदा, यंत्र, शिक्षण आणि संघटना, चारही लागतात. रस्त्याखालचा पाइप शंभर वर्षांनी का होईना बदलतो. आत उतरणाऱ्याची जात बदलून भागणार नाही, आत उतरणेच संपले पाहिजे. तुमच्या गल्लीत खोदकाम सुरू असेल, तर आज जाता-येता एकदा वाकून बघा.

जय भीम!