डॉक्टर दोन, हिशेब एकाचा!

- प्रतिनिधी

अमेरिकेत अनेक डॉक्टर एकत्र येऊन एकाच संस्थेच्या नावे व्यवसाय करतात. या पद्धतीला तेथे 'ग्रुप प्रॅक्टिस' म्हणतात. एकाच छताखाली हृदयरोगतज्ज्ञ असतो, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता पाहणारा सुपरस्पेशालिस्ट असतो आणि रक्तवाहिनीत स्टेंट बसविणाराही असतो. रुग्णाच्या दृष्टीने ही तीन वेगळी माणसे आहेत. बिलाच्या लेखी मात्र ती कधी तीन ठरतात, तर कधी एकच! रुग्णाच्या खिशातून जाणारी रक्कम, डॉक्टरचा मोबदला आणि प्रसंगी कायदेशीर जबाबदारी या एका प्रश्नावर अवलंबून असते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या ज्येष्ठ मराठी मंडळींना आणि तेथील दवाखान्यांची बिले तयार करणाऱ्या आपल्याकडील कंपन्यांतील कर्मचाऱ्यांनाही हा नियम ठाऊक असायला हवा.

नवा आणि जुना केसपेपर

आपल्याकडे ठराविक मुदतीनंतर दवाखान्यात नवा केसपेपर काढावा लागतो आणि त्याचे जादा पैसे पडतात. अमेरिकेत ही मुदत तीन वर्षांची आहे. गेल्या तीन वर्षांत त्या डॉक्टरने, किंवा त्याच गटातील त्याच विशेषज्ञतेच्या दुसऱ्या डॉक्टरने, रुग्णाला समोरासमोर तपासले असेल तर तो 'जुना' रुग्ण. नसेल तर 'नवा'. केवळ ईसीजी किंवा एक्स-रे पाहून अहवाल दिला असेल, तर ती तपासणी धरली जात नाही.

प्रत्येक तपासणीला पाच आकडी संकेतांक असतो. नव्या रुग्णासाठी ९९२०२ ते ९९२०५ आणि जुन्यासाठी ९९२११ ते ९९२१५ हे संकेतांक आहेत. ९९२०४ आणि ९९२१४ या दोन्हींत वैद्यकीय निर्णयाची गुंतागुंत सारखीच, म्हणजे मध्यम मानली जाते. वेळेवरून बिल करायचे, तर पहिल्यासाठी किमान ४५ आणि दुसऱ्यासाठी ३० मिनिटे लागतात. सरकारी तक्त्यात डॉक्टरच्या कामाचे मूल्य मात्र पहिल्याला २.६० आणि दुसऱ्याला १.९२ असे आहे. म्हणजे 'नवा' या एका शब्दाने कामाचे मूल्य सुमारे ३५ टक्क्यांनी वाढते.

खरी गोम कशात?

मेडिकेअर ही प्रामुख्याने ६५ वर्षांवरील नागरिकांसाठीची सरकारी विमा योजना १९६६ पासून सुरू आहे. एकाच गटातील, एकाच विशेषज्ञतेच्या डॉक्टरांनी जणू आपण एकच डॉक्टर आहोत अशा रीतीने बिल करावे, असा तिचा दंडक आहे. विशेषज्ञता मात्र भिंतीवरच्या पदव्यांवरून ठरत नाही. योजनेत नाव नोंदविताना डॉक्टरने स्वतः जो दोन अक्षरी विशेषज्ञता-क्रमांक लिहिला असेल, तोच ग्राह्य धरला जातो.

समजा, एका वृद्धाला हृदयरोगतज्ज्ञाने तपासले आणि वर्षभराने ठोक्यांच्या तक्रारीसाठी त्याच गटातील सुपरस्पेशालिस्टकडे पाठविले. हृदयरोगाचा क्रमांक ०६, ठोक्यांच्या विकारतज्ज्ञाचा २१. क्रमांक वेगळे असल्याने रुग्ण नवा ठरतो. पण दुसऱ्या डॉक्टरने नोंदणीत सवयीने ०६ लिहिले असेल, तर त्याने कितीही वर्षे जादा शिक्षण घेतलेले असो, मेडिकेअरच्या लेखी रुग्ण जुनाच.

सर्वच उपशाखांना स्वतंत्र क्रमांक नाहीत. नेत्रविकारासाठी १८ हा एकच क्रमांक आहे आणि रेटिनाच्या तज्ज्ञासाठी वेगळा नाही. त्यामुळे त्याच गटातील नेत्रतज्ज्ञाने रेटिनातज्ज्ञाकडे पाठविलेला रुग्ण मेडिकेअरमध्ये जुना धरला जातो. संकेतांकांचे पुस्तक काढणाऱ्या अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या व्याख्येत मात्र 'तीच विशेषज्ञता आणि तीच उपविशेषज्ञता' असे शब्द आहेत. म्हणून त्या व्याख्येप्रमाणे चालणाऱ्या खासगी विमा कंपनीकडे हाच रुग्ण नवा ठरू शकतो.

पूर्वी सहकाऱ्याने मत विचारले, की 'सल्लामसलती'चे वेगळे संकेतांक वापरता येत आणि तेथे नव्या-जुन्याचा वाद उद्भवत नसे. मेडिकेअरने १ जानेवारी २०१० पासून त्या संकेतांकांचे पैसे देणे थांबविले. तेव्हापासून विशेषज्ञता-क्रमांकाचे महत्त्व वाढले.

एकाच दिवशी दोघांनी तपासले तर?

विशेषज्ञता वेगळी आणि दुखणेही वेगळे असेल, तर दोघांना स्वतंत्र बिल करता येते. विशेषज्ञता एकच असेल, तर दोघांचे काम एकत्र धरून एकच संकेतांक लावावा लागतो. एकाच भेटीत पाहता न येण्यासारखी दोन असंबद्ध दुखणी असतील, तर अपवाद होतो. पण तशी नोंद कागदोपत्री हवी.

शस्त्रक्रियेलाही हाच न्याय लागू आहे. मोठ्या शस्त्रक्रियेच्या ठरलेल्या रकमेत पुढील ९० दिवसांची नेहमीची देखभाल समाविष्ट असते. शल्यविशारद रजेवर असताना त्याच गटातील, त्याच शाखेच्या सहकाऱ्याने जखम पाहिली, तरी वेगळे पैसे मागता येत नाहीत. असंबद्ध आजारासाठी तपासले असल्यास २४ हा जोड-संकेतांक लावून बिल पाठविता येते.

चूक कोणाला भोवते?

मेडिकेअरमध्ये वार्षिक वजावट भरून झाल्यावर डॉक्टरच्या मंजूर शुल्कातील साधारण २० टक्के वाटा रुग्णाचा असतो. जुन्या रुग्णाला नवा दाखविले, तर हा वाटाही फुगतो. पूरक विमा नसलेल्या वृद्धाला तो थेट जाणवतो. उलट सुपरस्पेशालिस्टची नोंदणी चुकीच्या क्रमांकावर असेल, तर त्याचे रास्त क्लेमही नाकारले जातात आणि कर्मचाऱ्यांचे तास अपिलात जातात. जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने खोटी बिले पाठविणाऱ्यांसाठी १८६३ पासूनचा 'फॉल्स क्लेम्स अॅक्ट' आहे. त्यात सरकारच्या नुकसानीच्या तिप्पट रक्कम आणि वर दंड भरावा लागतो.

हे लक्षात ठेवा

* गटात नवा डॉक्टर आला, की त्याचा विशेषज्ञता-क्रमांक प्रथम तपासावा. तो बदलायचा असल्यास 'सीएमएस-८५५आय' या अर्जाद्वारे किंवा 'पेकॉस' या संगणकीय नोंदणीतून बदलता येतो.

* डॉक्टर गट सोडून दुसरीकडे गेला आणि रुग्ण त्याच्यामागे गेला, तर शेवटच्या तपासणीपासून तीन वर्षांपर्यंत तो त्या डॉक्टरचा जुनाच रुग्ण राहतो.

* रुग्णांनी बिलावरील संकेतांक पाहावा. ९९२०ने सुरू होणारा क्रमांक दिसला आणि त्याच गटातील त्याच शाखेच्या डॉक्टरकडे तीन वर्षांत जाणे झाले असेल, तर पैसे भरण्यापूर्वी दवाखान्याच्या बिल विभागाकडे खुलासा मागावा.