हार्मोनिका : मेजर व मायनर स्वरभेद

हार्मोनिका अथवा माउथ ऑर्गन हे फुंकून तसेच श्वास ओढून वाजविण्याचे, मुक्त रीडचे पाश्चात्त्य वाद्य. त्याचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन भाषिक प्रदेशांत झाला. १८५७ मध्ये माटियास होनर याने ट्रॉसिंगेन (जर्मनी) येथे त्याची निर्मिती सुरू केली आणि पुढे हे स्वस्त वाद्य अमेरिकेतही लोकप्रिय झाले.

दहा छिद्रांच्या रूढ हार्मोनिकाची ‘रिख्टर’ स्वररचना मेजर सप्तकातील धुनांना सोयीची आहे. फुंकले असता सर्व छिद्रांतून सा, शुद्ध ग व प हा मेजर स्वरसंघातच मिळतो. मात्र ४, ५ व ६ या छिद्रांतून श्वास ओढल्यास रे, म व ध हा मायनर संघात ऐकू येतो. भेद मधल्या स्वरात असतो : मूळ स्वरापासून तो मेजरमध्ये चार, तर मायनरमध्ये तीन अर्धस्वरांवर असतो. हिंदुस्थानी परिभाषेत हा शुद्ध व कोमल गंधारांतील भेद होय. म्हणून धून कोणत्या स्वरावर विसावते हे प्रथम ओळखून मग तिचा गंधार पारखावा लागतो. वाद्यावर कोरलेल्या अक्षरावरून हा निर्णय करता येत नाही. सी (पांढरी एक) पट्टीच्या एकाच वाद्यावर सी आधारस्वर मानल्यास बिलावल, जी मानल्यास खमाज व डी मानल्यास काफी थाटाचे स्वर मिळतात; यांपैकी काफीतच गंधार कोमल असल्याने ती धून मायनर भासते.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांनी ही चौकट ओलांडली. ब्लूज संगीतात सी पट्टीची हार्मोनिका बहुधा जी आधारस्वर मानून, मुख्यत्वे श्वास ओढून वाजवितात. तिसऱ्या छिद्रातून ओढलेला बी हा स्वर मुखपोकळीचा आकार बदलून खाली उतरविता येतो. अर्धस्वराने उतरविल्यास तो जीचा कोमल गंधार होतो. परंतु वादक पुष्कळदा त्यास शुद्ध व कोमल यांच्या दरम्यान ठेवतात. त्यामुळे साथ मेजरची असूनही धुनेत मायनरची छाया उमटते. सनी टेरी (१९११–८६) व लिट्ल वॉल्टर (१९३०–६८) हे या परंपरेतील ख्यातनाम वादक होत.

पुढे क्रोमॅटिक व मायनर सप्तकात मिळविलेल्या हार्मोनिकाही प्रचारात आल्या. तथापि ब्लूजमध्ये मेजर रचनेच्या दहा छिद्री वाद्याचेच प्राधान्य टिकून राहिले.