ओघम, मोडी आणि आपले जुने कागद

आयर्लंडमध्ये इसवी सनाच्या चौथ्या ते सातव्या शतकाच्या सुमारास ओघम नावाची लिपी प्रचारात होती. तिची मूळ अक्षरे वीस. पाच-पाचांचे चार वर्ग. दगडाची उभी कड हीच आधाररेषा मानून तिच्या उजवीकडे, डावीकडे किंवा तिला छेदून एक ते पाच रेघा कोरावयाच्या आणि स्वरांसाठी कडेवरच खाचा पाडावयाच्या, अशी तिची रीत. उपलब्ध असलेल्या सुमारे चारशे शिलालेखांत बहुधा व्यक्तींची व त्यांच्या पूर्वजांची नावेच आढळतात. ती आज वाचता येतात, याचे मोठे श्रेय मध्ययुगीन आयरिश लेखकांना आहे. इ. स. १३९० च्या सुमाराच्या बॅलिमोटच्या पोथीत त्यांनी ओघमची किल्ली लिहून ठेवली.

युनिकोड ही जगातील अक्षरांना संगणकासाठी ठरावीक क्रमांक देणारी व्यवस्था. तिच्या सप्टेंबर १९९९ च्या ३.० आवृत्तीत ओघमला २९ संकेत मिळाले. त्यांतील एक दोन शब्दांमधील मोकळ्या जागेचा आहे. पण तो बहुधा रेघेच्या रूपातच उमटतो, कारण दगडाची कड शब्दापाशी तुटत नाही.

येथे आम्हांस मोडीचे स्मरण होते. तीतही आधी पानभर आडवी रेघ ओढून मग बोरूने तिला अक्षरे टांगीत जावयाचे. शब्दांत अंतर सोडण्याची चाल नव्हती. परंपरा या लिपीचा संबंध यादवांच्या हेमाडपंताशी जोडते. १८१० साली श्रीरामपूरला विल्यम कॅरीचा मराठी कोश मोडी टंकांतच छापला गेला. पुढे मात्र छापखान्यात बाळबोध स्थिरावली आणि विसाव्या शतकात मोडी व्यवहारातूनही गेली. अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावानंतर जून २०१४ मध्ये, युनिकोडच्या ७.० आवृत्तीत, तिला ७९ संकेत मिळाले.

मात्र संकेत मिळाला म्हणजे कागद वाचला गेला, असे नव्हे. संकेतावलीत ऱ्हस्व व दीर्घ इकार वेगळे आहेत. जुना कारकून बहुधा दोहोंसाठी एकच चिन्ह वापरी. तेव्हा लिप्यंतर करणाऱ्याने कारकुनाने लिहिले ते ठेवावे की आपण वाचतो ते? याचा निर्णय संगणक नव्हे, जाणता वाचकच करील.

सावरगाव, पांढुर्णा, सौंसर हा मुलूख १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. आपल्या घरांत त्या काळचे वतनाचे, देण्याघेण्याचे वा वाटणीचे कागद असतील, तर ते मोडीतच असावयाचे. ओघमचे लेख थोडे, पण दगडावरचे. आपले कागद कसर आणि ओल यांच्या स्वाधीन आहेत. आपली नातवंडे हिंदी शाळांत शिकत असली, तरी देवनागरी त्यांना येते. म्हणून प्रत्येक कागदाचे छायाचित्र घ्यावे, जाणकाराकडून त्याचे बाळबोध लिप्यंतर करवून सोबत ठेवावे आणि घरातील एकाने तरी मोडी शिकावी. आयरिश लेखकांनी आपल्या लिपीची किल्ली पुढील पिढ्यांच्या हाती दिली. आपल्याकडे ती आजही उपलब्ध आहे. कागद शिल्लक आहेत तोवरच तिचा उपयोग.