मध्यस्थाचा अहवाल

१९४५ च्या वसंतऋतूंत जर्मनीच्या छळछावण्यांतील हजारों कैदी पांढऱ्या बसगाड्यांतून सुखरूप स्वीडनकडे गेले. त्यांत अनेक ज्यू होते. या कार्याचे सूत्रधार, स्वीडिश रेडक्रॉसचे काउंट फोल्के बर्नाडोट, यांनाच संयुक्त राष्ट्रसंघानें २० मे १९४८ रोजीं पॅलेस्टाइनमध्यें मध्यस्थ नेमलें.

११ जूनला त्यांनीं ज्यू व अरब यांच्यांत युद्धविराम घडवून आणला. पण तो चार आठवडेच टिकला. जुलैंत इस्रायली सैन्यानें लिद्द व रामले हीं शहरें जिंकून ५०,००० हून अधिक अरबांना घराबाहेर काढलें. लिद्दचीं बायकामुलें भर उन्हांत पायीं निघालीं. कित्येकांनीं वाटेंतच तहानेनें प्राण सोडले. ज्यूंची हानिही थोडी नव्हती. या युद्धांत त्यांचीं सुमारें ६,००० माणसें, म्हणजे शंभरांतील एक, मृत्युमुखीं पडलीं.

रामल्ला येथें निर्वासितांची दैना बर्नाडोट यांनीं स्वतः पाहिली होती. त्यांचा घरीं परतण्याचा हक्क मान्य व्हावा, असें त्यांनीं १६ सप्टेंबरच्या अहवालांत लिहिलें. त्याची शाई वाळते न वाळते तोंच, दुसऱ्या दिवशीं, जेरुसलेममध्यें ‘लेही’ या ज्यू सशस्त्र गटाच्या लोकांनीं त्यांना गोळ्या घातल्या.

११ डिसेंबरच्या ठराव क्रमांक १९४ मध्यें आमसभेनें परतण्याची तीच गोष्ट नमूद केली. १९४९ सालीं शस्त्रसंधि होऊन रेषा आंखल्या गेल्या. परंतु सुमारें ७ लाख निर्वासितांपैकीं बहुतेकांना घर पुन्हा दिसलें नाहीं. त्यांच्यासाठीं १९५० सालीं काम सुरू करणारी मदतसंस्था तात्पुरती म्हणून निघाली होती. तिच्या याद्यांत पुढें त्यांचीं नातवंडें आलीं, आणि पतवंडेंही.