रबराखालचा रंग

केलगेरीच्या तळ्याकडून गोव्याला जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या मामांची फियाट धावत असे. तोंडावरून तिला सगळे 'डुक्कर फियाट' म्हणत. मामा गेल्यावर ती बरीच वर्षे शेडमध्ये पडून होती. ती पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरले, तेव्हा घरात वाद झाला तो इंजिनावरून नव्हे, रंगावरून. मामी म्हणाल्या करडा, धाकटे मामा म्हणाले हिरवट, आणि गाडी तर निळी उभी होती! आरसी बुकात नुसते 'ग्रे' एवढेच.

या रंगांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. सुरुवातीच्या मोटारींना घोडागाडीसारखेच कुंचल्याने व्हार्निशचे हात देत. वाळायला आठवडे लागत. फोर्डने तर १९१४ ते १९२५ पर्यंत आपली मॉडेल टी काळ्या रंगातच विकली. १९२३ साली अमेरिकेत ड्युपाँ कंपनीचा 'ड्युको' हा लॅकर जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर आला आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. रंगीत गाड्यांचे युग उजाडले ते तेव्हा. आपल्या गॅरेजांत हे नाव इतके रुजले की, फवाऱ्याने मारलेला कोणताही रंग 'ड्युको'च.

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत गाड्या जुळवायला सुरुवात केली होती. पण सुटे भाग इथेच बनवण्याचे धोरण सरकारने धरल्यावर, १९५४ च्या सुमारास, अशा परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. उरलेल्यांत सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली प्रीमियर होती. आमची फियाट तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली.

कारखान्यात रंग भट्टीत भाजून पक्का करत. गॅरेजात तो हवेवर वाळवत. म्हणून डबा त्याच नावाचा आणला तरी छटा तीच येईल असे नाही. ओला रंग वेगळा दिसतो, वाळलेला वेगळा. शिवाय दोन छटा उन्हात जुळतात आणि ट्यूबलाइटखाली फटकून वागतात.

मग खरा रंग शोधायचा कुठे? आमचे मिस्त्री म्हणाले, ''खरं बण्ण उन्हात सापडत नाही, री!'' त्यांनी दाराचे रबर उचकटले, मागचा दिवा सोडवला, डॅशबोर्डच्या आत बोट घातले. रुपयाएवढ्या जागेवर बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासला. झाडाच्या खोडासारखी वलये उमटली : वर निळा, मग एक पांढरट थर, त्याखाली हिरवट झाक असलेला करडा, आणि तळाला प्रायमर. मामी आणि धाकटे मामा दोघेही खरे ठरले! सकाळच्या सावलीत तो हिरवट, दिव्याखाली करडा.

पण रबराखालचा साक्षीदारही पुरता विश्वासाचा नसतो. ऊन रंग उडवते हे आपण जाणतो. तेलाचा अंश असलेले रंग अंधारात पिवळे पडतात, हे फारसे कोणी जाणत नाही. म्हणून तो तुकडा काही दिवस उजेडात ठेवून, हलका पॉलिश करून, मगच छटा जुळवली. हल्ली दुकानात यंत्र छटा मोजून देते. पण यंत्र समोरचा रंग मोजते, त्याचे वय वजा करत नाही.

एक गोष्ट मात्र कायमची हुकली. त्याआधी एका गॅरेजवाल्याने न विचारता छत पत्र्यापर्यंत खरवडून टाकले होते. छत गाडीच्याच रंगाचे होते की पांढरे? जुन्या कृष्णधवल फोटोत ते उजळ दिसते. पण छतावर आभाळाचा उजेड पडला की कुठलेही छत उजळच दिसते. आता सांगणार कोण?

२०२१ च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. तेव्हा हौशी मंडळी आता अशा गाड्या शेडमधून बाहेर काढतील. त्यांना एवढेच सांगणे : खरवडण्याआधी पाहा, लिहून ठेवा, आणि एक तुकडा तसाच राखा.

आम्ही डिकीच्या झाकणाआत तळहाताएवढी जागा जुनीच ठेवली आहे. छत करडेच रंगवले. मामी अजून म्हणतात, ''पांढरे होते बहुतेक.''