शब्दवेध : स्कॉच-आयरिश
हे नाव मिश्र विवाहांतून आलेले नाही. १५७३ च्या पत्रात इंग्लंडच्या राणी एलिझाबेथने ते उत्तर आयर्लंडातल्या अल्स्टर प्रांतातल्या गेलिक स्कॉटांसाठी वापरले. अल्स्टरमधून अमेरिकेत गेलेल्यांचे वंशज हा आजचा अर्थ बराच नंतरचा. १६०९ नंतर स्कॉटलंडच्या सीमेवरची, गुरे पळवण्यात मुरलेली आर्मस्ट्राँग, इलियट अशी घराणी अल्स्टरमधल्या फर्माना परगण्यात येऊन वसली. अठराव्या शतकात अल्स्टरकरांचे वंशज अमेरिकेला निघाले. तिथे ते बहुधा नुसते आयरिशच म्हणवत. १८४५ च्या दुष्काळानंतर गरीब कॅथलिक आयरिश येऊन थडकले, तेव्हा त्यांच्यापासून वेगळे दिसायला हे जोडनाव भलतेच सोयीचे ठरले. वंशशोधात मात्र पेच पडतो. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रातली एम२२२ ही खूण वायव्य आयर्लंडमध्ये मुबलक, पण स्कॉटलंडच्या सखल भागातही सापडते. म्हणून आडनाव आणि चर्चच्या नोंदवह्या तपासाव्याच लागतात.